बाबा, तुमचं हृदय आणि माझे सील

कॅलिफोर्नियाचा किनारा, मार्च

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "तू नक्की करतेस तरी काय? कधी म्हणतेस किनाऱ्यावर सीलची पिल्लं मोजतेय, कधी म्हणतेस प्रयोगशाळेत पेशी वाढवतेय. लोक विचारतात, मुलीचं संशोधन कशावर आहे, तर मला धड सांगता येत नाही." मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली आणि मग दिवसभर रुखरुख लागून राहिली. तुम्हाला सांगता येत नाही, कारण मी ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. म्हणून हे पत्र. फोनवर मध्येच आवाज तुटतो, आणि यातल्या काही गोष्टी बोलायला लागले की माझा घसा दाटून येतो. लिहिताना निदान थांबता येतं.

काल संध्याकाळी मी आन्यो नुएव्होच्या वाळूत पालथी पडून एका पिल्लाचे श्वास मोजत होते. आन्यो नुएव्हो म्हणजे स्पॅनिशमध्ये नवं वर्ष. १६०३ सालच्या जानेवारीत, तीन तारखेला, सेबास्तियन विस्काइनो या स्पॅनिश दर्यावर्द्याच्या जहाजावरून हे टोक दिसलं, म्हणून हे नाव पडलं. इथे दर हिवाळ्यात एलिफंट सील नावाचे समुद्रात राहणारे सस्तन प्राणी येतात. नराला सोंडेसारखं लोंबतं नाक असतं आणि त्याचं वजन दोन टनांच्या आसपास जातं, म्हणून एलिफंट. मादी त्या मानाने खूपच लहान. पिल्लू जन्मतं तेव्हा ३५ किलोच्या आसपास असतं. आई त्याला चारेक आठवडे पाजते, आणि त्या काळात ती स्वतः घासभरही खात नाही. दूध शेवटी शेवटी इतकं दाट होतं की त्यात निम्म्याहून जास्त नुसता स्निग्धांश असतो. पिल्लू फुगत फुगत १३० किलोपर्यंत जातं, आणि मग एके दिवशी आई त्याला किनाऱ्यावर सोडून समुद्रात निघून जाते. परत त्याच्यासाठी येत नाही. आई, हे वाचून तुला कसंतरी होईल. मलाही पहिल्या वर्षी झालं होतं. पुढचे दोन-अडीच महिने ते पिल्लू अंगातल्या चरबीवर जगतं, उथळ पाण्यात आपलं आपणच बुड्या मारायला शिकतं, आणि एक दिवस निघतं. सगळी परत येत नाहीत.

तर हे पिल्लू झोपलं होतं. मी घड्याळ लावलं. त्यानं एक मोठा श्वास सोडला आणि नाकपुड्या मिटल्या. सीलच्या नाकपुड्या एरवी मिटलेल्याच असतात. उघडायला स्नायू ताणावे लागतात. एक मिनिट गेलं, दोन गेली. चौथ्या मिनिटाला माझाच जीव गुदमरल्यासारखा झाला. बरगड्या हलत नव्हत्या, मिशांवर वाळूचे कण होते ते जागचे हलत नव्हते. आजूबाजूला मोठे नर घशातून ढोल वाजवल्यासारखे आवाज काढत होते आणि याला त्याचं काहीच नाही. अकरा मिनिटं आणि वीस सेकंदांनी नाकपुड्या एकदम गोल उघडल्या, फस्सकन हवा आत गेली, आणि मग त्यानं एकामागून एक श्वास घेतले. धाप नाही, तडफड नाही. कुशीवर वळलं, वल्ह्यासारख्या पुढच्या पायानं पोटावर वाळू उडवली आणि पुन्हा श्वास रोखून झोपलं.

तुमच्या माझ्या मेंदूचं चार-पाच मिनिटांतच काय झालं असतं, ते तुम्हाला सांगायला नको.

बाबा, आता ज्या गोष्टीवर आपण दोघंही कधी नीट बोललो नाही, ती लिहिते. गेल्या वर्षी दादाचा फोन आला तेव्हा इथे पहाटेचे तीन वाजले होते. तुम्हाला आत नेलं होतं. पुढचे काही तास मी फोन हातात धरून जमिनीवर बसून होते. मग पुन्हा दादा बोलला: रक्तवाहिनी मोकळी केली, स्टेंट बसवला, रक्त पुन्हा सुरू झालं. मी म्हटलं, सुटलो. आणि दोन दिवसांनी डॉक्टरांनी त्याला सांगितलं की हृदयाच्या स्नायूचा एक भाग गेला आहे, त्यातलं काही नुकसान रक्त परत सुरू झाल्यावरचंही असू शकतं. दादानं मला विचारलं, "रक्त परत आलं ना? मग परत आल्यावर नुकसान कसलं होतं?" मला उत्तर ठाऊक होतं. मी वर्षानुवर्षं तेच तर शिकत होते. आणि त्या दिवशी मला ते सख्ख्या भावाला सांगता आलं नाही.

आज सांगते. रक्त थांबलं की पेशींना ऑक्सिजन मिळत नाही. पेशींच्या आत मायटोकॉन्ड्रिया नावाचे ऊर्जा तयार करणारे भाग असतात, त्यांचं काम तुंबतं, आणि अर्धवट राहिलेल्या रासायनिक क्रियांतला माल आत साचत जातो. मग अचानक ऑक्सिजन परत येतो. साचलेल्या त्या मालावर तो तुटून पडतो, आणि काही मिनिटांतच असे ऑक्सिजनचे रेणू तयार होतात जे समोर येईल त्याला जाळत सुटतात: पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए. ज्याची वाट पाहत जीव टांगणीला लागला होता, तोच येऊन मारतो. रक्तवाहिनी उघडणं तरीही अटळ आहे. ती उघडली नाही तर सगळंच जातं. तुमची वेळेवर उघडली, म्हणून मी आज हे पत्र तुम्हाला लिहितेय. पण उघडल्यानंतरचं नुकसान कसं थांबवायचं, याचं भरवशाचं औषध अजून कुणाकडे नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत आशा दाखवणारी कितीतरी औषधं माणसांवरच्या चाचण्यांत टिकली नाहीत.

आणि ते वाळूतलं पिल्लू हेच झोपेत करतं. दर बुडीत सीलच्या पोटातल्या अवयवांचा, स्नायूंचा रक्तपुरवठा आवळला जातो आणि वर आल्यावर एकदम मोकळा होतो. मोठी मादी समुद्रात असते तेव्हा एक बुडी साधारण वीसेक मिनिटांची, मग दोन-तीन मिनिटं वर, की पुन्हा खाली. दिवसरात्र, महिनोन् महिने. एका मादीनं १,७०० मीटरहून खोल बुडी मारल्याची नोंद आहे. २०२३ साली इथल्याच संशोधकांनी सीलच्या डोक्यावर मेंदूच्या विद्युतलहरी टिपणारं उपकरण बसवून दाखवलं की समुद्रात असताना एलिफंट सील दिवसाकाठी जेमतेम दोन तास झोपतात, तेही बुडीतच, दहा-दहा मिनिटांच्या डुलक्या घेत. झोप लागली की अंग उलटं होतं आणि झाडाचं पान गळावं तसं गोल गोल फिरत खाली जातं. अशा शेकडो, हजारो बुड्यांत तुमच्या हृदयावर जे एकदा गुदरलं, ते यांच्या शरीरावर रोज गुदरतं. आणि यांना काही होत नाही.

का होत नाही, हा माझा विषय आहे, बाबा. कुणी विचारलं तर एवढं सांगितलंत तरी पुरे.

थोडं मागचं सांगते, कारण ते मला फार मोलाचं वाटतं. पर शोलांडर नावाच्या शास्त्रज्ञानं १९४० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानं सीलना फळीला बांधून पाण्याखाली धरलं आणि मोजलं: हृदयाचे ठोके एकदम खाली येतात, रक्त मेंदू आणि हृदयाकडे राखून ठेवलं जातं, बाकीच्या अवयवांचे नळ बंद होतात. या सगळ्या शास्त्राचा पाया तो. पण बांधलेला सील घाबरलेला असतो. त्याला ठाऊक नसतं आपल्याला वर कधी सोडणार आहेत, म्हणून त्याचं शरीर सगळंच्या सगळं आवळून घेतं. पुढे १९६३-६४ च्या सुमारास जेराल्ड कूयमन नावाचा शास्त्रज्ञ अंटार्क्टिकात मॅकमर्डो या अमेरिकी तळाजवळ गेला. त्यानं बर्फात एक भोक पाडलं, आसपास दुसरं भोक नाही अशा ठिकाणी. तिथे वेडेल जातीच्या सीलला सोडलं. सील मोकळेपणानं बुडी मारतो, पण श्वासाला त्याला त्याच भोकाशी यावं लागतं. पाठीवर कूयमननं एक नोंदयंत्र बांधलं होतं, ज्यात स्वयंपाकघरात वेळ लावायचं साधं घड्याळ वापरलेलं होतं. त्या यंत्रावर पहिल्यांदा मोकळ्या सीलची बुडी उमटली. आणि कळलं की मोकळा सील रोजच्या बहुतेक बुड्यांत तितकं टोकाचं काही करतच नाही. अंगातला ऑक्सिजन हिशेबानं वापरतो आणि तो संपायच्या आत वर येतो. टोकाचं सगळं तो लांबच्या बुडीसाठी राखून ठेवतो.

ही दोन चित्रं माझ्या मनात कायम असतात. फळीला बांधलेला सील आणि बर्फातल्या भोकातून आपल्या मर्जीनं जाणारा सील. ती का, ते पुढे सांगते.

आता ऑक्सिजन. तुम्हाला वाटेल सील भरपूर हवा भरून घेत असेल. उलट आहे. बुडी मारण्याआधी तो श्वास सोडून देतो. खोल पाण्याच्या दाबाखाली फुप्फुसं मिटून जातात आणि हवेतला नायट्रोजन रक्तात शिरून त्रास देत नाही. ऑक्सिजन तो साठवतो रक्तात आणि स्नायूंत. आपल्या वजनाच्या साधारण ७ टक्के रक्त असतं. एलिफंट सीलचं २० टक्क्यांच्या आसपास. आणि स्नायूंत असतं मायोग्लोबिन. रक्तात जसं हिमोग्लोबिन, तसं स्नायूत मायोग्लोबिन, ऑक्सिजन धरून ठेवणारं छोटं प्रथिन. खोल बुडणाऱ्या प्राण्यांत ते आपल्या दहापट किंवा त्याहूनही जास्त दाटीनं भरलेलं असतं. सीलचा स्नायू कापलेला पाहिला तर लाल दिसतच नाही, काळपट दिसतो.

या मायोग्लोबिनमुळेच मी किनाऱ्यावरून प्रयोगशाळेत पोचले. हे प्रथिन लांबीला साडेचार नॅनोमीटर. केसाची जाडी ऐंशी हजार ते लाख नॅनोमीटर धरा, म्हणजे अंदाज येईल. जगात पहिल्यांदा ज्या प्रथिनाची त्रिमितीय रचना माणसाला दिसली, ते हेच, आणि ते स्पर्म व्हेलच्या स्नायूंतून घेतलेलं होतं, कारण त्यात ते भरपूर मिळतं. १९५८ साली जॉन केंड्र्यूनं ते केंब्रिजमध्ये केलं. त्याचं पहिलं मॉडेल त्यानं प्लॅस्टिसिनचं बनवलं होतं, काठ्यांवर टेकवलेला आतड्यासारखा वळसे घेतलेला एक गोळा. १९६२ चं नोबेल त्याला आणि मॅक्स पेरुट्झला मिळून मिळालं. देवमाशाच्या अंगातलं एवढंसं प्रथिन, आणि सगळ्या रेणवीय जीवशास्त्राचं दार तिथून उघडलं. सागरी प्राण्यांचा अभ्यास आणि नॅनो पातळीवरचा अभ्यास या माझ्या आयुष्यात योगायोगानं एकत्र आलेल्या दोन गोष्टी नाहीत, बाबा. त्यांची सोयरीक तेव्हापासूनची आहे.

आता एक प्रश्न. प्रथिनं फार दाटीत भरली की एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात, आणि प्रथिनांच्या गुठळ्या पेशीला घातक. मग सील आणि देवमासे एवढं मायोग्लोबिन कोंबतात तरी कसं? २०१३ साली लिव्हरपूलच्या गटानं याचं उत्तर दिलं. बुडणाऱ्या प्राण्यांच्या मायोग्लोबिनच्या पृष्ठभागावर धन विद्युतभार जास्त असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात. म्हणून कितीही गर्दी झाली तरी रेणू अंतर राखून राहतात. चार-साडेचार नॅनोमीटरच्या कणावर दोन-चार जास्तीचे भार, आणि त्यावर एका प्राण्याचं समुद्रातलं जगणं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारत होते, ते मला आठवतं.

याच हिशेबानं त्यांनी कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या प्राण्यांच्या बुडीचाही अंदाज बांधला. जिवंत वंशजांच्या मायोग्लोबिनवरून पूर्वजाचं मायोग्लोबिन कसं असेल ते काढायचं, त्याचा भार मोजायचा. हत्तींच्या मायोग्लोबिनमध्येही त्यांना पाण्यातल्या पूर्वजांची खूण सापडली. आणि देवमाशांच्या जमिनीवरच्या आप्ताचा धागा तर आपल्याकडे येतो. काश्मीरमधले दगड गोळा करून ठेवणारे भूवैज्ञानिक ए. रंगा राव वारले तेव्हा त्यांचा संग्रह त्यांच्या पत्नीनं जपून ठेवला. पुढे तो तिनं हान्स थेविसन या शास्त्रज्ञाच्या हाती दिला, आणि त्या दगडांतून इंडोहायस निघाला, हरणासारखा दिसणारा मांजराएवढा प्राणी, ज्याच्या कानाच्या हाडाची ठेवण देवमाशासारखी. २००७ साली ते प्रसिद्ध झालं. मला त्या बाईंचं फार वाटतं. दगडांच्या पेट्या घरात जागा अडवून बसलेल्या, कुणी विचारायला येत नाही, तरी तिनं त्या टाकल्या नाहीत.

आता प्रयोगशाळेत चला. तिथलं काम सांगायला अवघड आहे, पण प्रयत्न करते.

किनाऱ्यावर सीलना हात लावायला कडक परवाने लागतात. अमेरिकेत १९७२ पासून सागरी सस्तन प्राण्यांना कायद्याचं संरक्षण आहे. उपग्रहाशी बोलणारं यंत्र डोक्यावर चिकटवायला सीलला गुंगीचं औषध देतात, तेव्हाच आम्ही कातडीचा पेन्सिलीच्या टोकाएवढा तुकडा घेतो. तो बर्फावर ठेवून त्याच दिवशी आणायचा. त्याचे बारीक बारीक कण करून बशीत चिकटवायचे, वर गुलाबी द्रव घालायचा आणि ३७ अंशांच्या कपाटात ठेवून द्यायचं. मग वाट पाहायची. आठवडाभर काही दिसत नाही. एके सकाळी सूक्ष्मदर्शकातून बघावं तर कणाच्या कडेनं लांबट, निमुळत्या पेशी बाहेर सरकत आलेल्या असतात. सील तिकडे प्रशांत महासागरात शेकडो मैल दूर असतो आणि त्याच्या पेशी इथे माझ्यासमोर वाढत असतात.

ऑक्टोबरात माझ्या चार सीलच्या पेशी एका रात्रीत गेल्या. द्रव गढूळ दिसला, सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे. वर्षभराचं काम, आणि तो किनारा, ती थंडी, ते गुंगीतले प्राणी, सगळं त्यात होतं. त्या दिवशी मी तुम्हाला फोन केला होता आणि काहीच झालं नाही असं बोलले होते. आई, तुला मात्र आवाजावरून कळलं होतं.

दुसऱ्या बाजूला मी माणसाच्या हृदयाच्या पेशी वाढवते. कुणाचं हृदय कापून आणलेल्या नव्हेत. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींना पुन्हा मूळ अवस्थेत नेऊन दाखवलं. २०१२ साली त्यांना नोबेल मिळालं. अशा मूळ पेशींतून हृदयाच्या पेशी तयार करता येतात. गुळगुळीत बशीत ठेवल्या तर त्या कशाही वाकड्यातिकड्या पसरतात. पण पृष्ठभागावर काही शे नॅनोमीटर रुंदीच्या समांतर खाचा कोरल्या, तर पेशींना त्या खाचा जाणवतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या, बोटाला न कळणाऱ्या खाचा. पेशी त्यांच्या दिशेनं लांबतात, एका ओळीत लागतात, आणि मग सगळी चादर एका दिशेला एकत्र आक्रसते, सुटते, आक्रसते. पहिल्यांदा ती हलताना पाहिली तेव्हा तुम्हाला घरी आणून सहा आठवडे झाले होते. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि बराच वेळ नुसती बघत बसले.

आम्ही काय करू पाहतोय, तर सीलच्या मायोग्लोबिनची कृती माणसाच्या या पेशींना देऊन बघायची. कृती म्हणजे एमआरएनए, प्रथिन कसं बनवायचं ते पेशीला सांगणारा रेणू. तो ऋण भाराचा, नाजूक, आणि पेशीचं आवरण त्याला आत घेत नाही. म्हणून त्याला साधारण १०० नॅनोमीटरच्या स्निग्ध गोळीत गुंडाळायचं. २०२० च्या अखेरीस आलेल्या एमआरएनए लसी अशाच गोळ्यांतून दिल्या गेल्या. या गोळीतल्या स्निग्ध रेणूंची गंमत म्हणजे त्यांचा भार बदलतो. आम्लात ते धन होतात आणि ऋण एमआरएनएला मिठी मारतात. रक्तासारख्या वातावरणात त्यांचा भार जातो, म्हणून ते पेशींना इजा करत नाहीत. पेशी गोळी गिळते, आतल्या पिशवीत आम्ल वाढतं, रेणू पुन्हा धन होतात, पिशवीची भिंत फोडतात आणि कृती पेशीत सांडते. म्हणजे इथेही पुन्हा भारच. सीलनं जे कोट्यवधी वर्षांत मिळवलं आणि आपण जे काल-परवा शिकलो, दोन्हींच्या मुळाशी कोण कुणाला ढकलतं आणि कोण कुणाला धरतं, एवढंच.

मग या पेशी आणि सीलच्या पेशी दोन्ही एका बंद पेटीत ठेवायच्या, ऑक्सिजन १ टक्क्यावर आणायचा, काही तास थांबायचं आणि दार उघडायचं. दार उघडण्याचा तो क्षण म्हणजे तुमची रक्तवाहिनी उघडण्याचा क्षण, बाबा. मी दर वेळी मनात तसंच म्हणते.

माणसाच्या पेशींचं आत काय होतं ते रंगांनी दिसतं. जाळपोळ करणारे रेणू वाढले की पेशी चमकायला लागतात. सीलच्या पेशींकडे ही जाळपोळ विझवण्याची सोय आधीपासून असते. ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्यांच्या ऊतकांत आपल्यापेक्षा जास्त राखलेलं असतं, आणि पिल्लू झोपेत श्वास रोखतं तेव्हा विझवणारी यंत्रणा आणखी बळकट होत जाते, असं बर्कलीतल्या आणि इतर गटांच्या कामातून दिसलं आहे. आणखी एक चमत्कारिक गोष्ट आहे. एलिफंट सीलच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड अट्टल सिगारेट ओढणाऱ्या माणसाएवढा असतो, आणि तो धुरातून येत नाही, शरीरातच तयार होतो. अगदी कमी प्रमाणात हा वायू ऊतकांना सांभाळून घेतो का, याचा शोध चालू आहे. बाबा, यावरून सिगारेटबद्दल तुम्ही काही वेगळं मनात आणू नका. सोडलीत ती सोडलीतच राहू द्या.

आता ते दोन सील. बशीतली पेशी ही फळीला बांधलेल्या सीलसारखी आहे, हे मला फार जपून लक्षात ठेवावं लागतं. तिला समुद्र नाही, दाब नाही, शेजारची यकृताची पेशी नाही, वर कधी येणार हे ठरवणारा मेंदू नाही. ती काही तरी सांगते, पण बांधलेल्या अवस्थेतलं सांगते. शोलांडरला जे दिसलं ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं, आणि उरलेलं अर्धं कळायला कुणाला तरी बर्फावर जाऊन भोक पाडावं लागलं. म्हणून मी प्रयोगशाळेत स्थिरावूनही किनारा सोडत नाही. दादा म्हणतो, एक काहीतरी धर. दोन्ही धरल्यानं माझी गती कमी झाली आहे, हे खरं आहे, माझ्याबरोबरचे लोक पुढे गेले, तेही खरं आहे. पण पिल्लाशेजारी पडून मी श्वास मोजले नसते तर पेटीचं दार किती वेळानं उघडायचं हे मला कळलं नसतं. मी ते अंदाजानं ठरवत नाही, त्या पिल्लांच्या झोपेवरून ठरवते.

आणखी एक कारण आहे. हे सील मुळात आज नसायचेच. तेलासाठी एकोणिसाव्या शतकात इतके मारले की संपले असंच सगळे धरून चालले. १८९२ साली चार्ल्स टाउनसेंड यांच्या मोहिमेला मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावर आठ सील दिसले. संग्रहालयासाठी त्यातले सात मारले. आठातले सात. सुदैवानं इतर काही कुठेतरी पाण्यात होते. १९२२ साली मेक्सिकोनं त्यांना संरक्षण दिलं, आणि त्या मूठभरांतून आज दीड लाखांहून जास्त झाले. इथल्या मुख्य भूमीवर पहिलं पिल्लू जन्मलं ते १९७५ साली. पण सगळे त्या मूठभरांचे वंशज, त्यामुळे माझ्या बशांत वेगवेगळ्या सीलच्या पेशी आल्या तरी त्यांचे जीन्स एकमेकांसारखेच निघतात. एखादा रोग एकाला लागला तर बाकीच्यांकडे वेगळं काही शस्त्र नाही. २०२३ साली अर्जेंटिनात वाल्देस द्वीपकल्पावर यांच्या दक्षिणेकडच्या चुलतभावांत बर्ड फ्लू शिरला आणि त्या मोसमातली सतरा हजारांहून जास्त पिल्लं गेली. शंभरातली सत्त्याण्णव. त्या बातमीनंतर मी प्रत्येक सीलच्या पेशींच्या दोन नळ्या जास्तीच्या द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, ठेवायला लागले आहे. कुणी सांगितलेलं नाही. माझं मला ठेवाव्याशा वाटतात.

यातून तुमच्यासाठी औषध निघेल असं मी म्हणणार नाही. तुमच्या हृदयाचा जो भाग गेला, तो गेला. सीलचं मायोग्लोबिन तो परत आणणार नाही. बशीतून माणसापर्यंतची वाट फार लांब आहे आणि त्या वाटेवर बहुतेक गोष्टी गळतात. सगळ्या शरीरात ही कृती नेमकी हृदयातच पोचवायची कशी, हेच अजून अवघड आहे. रक्तात सोडलेल्या या गोळ्या बहुतेक यकृतात जाऊन बसतात. पण ज्याचा फोन उद्या पहाटे तीनला कुणा मुलीला जाणार आहे, त्याची रक्तवाहिनी उघडल्यावरची पहिली दहा मिनिटं थोडी कमी घातक करता येतील का, एवढाच प्रश्न घेऊन मी रोज सकाळी ते कपाट उघडते.

तुमच्या हृदयाचा नवा इको झाला असेल तर त्याचा फोटो दादाला पाठवायला सांगा. मला नुसतं "चांगला आहे" नको, त्यावरचा आकडा हवा. चालायला जाताय ना? आई, तू सांग, बाबा खरं सांगणार नाहीत.

पत्राबरोबर त्या पेशींच्या ठोक्यांची चित्रफीत दादाच्या फोनवर पाठवतेय. आवाज नाही तिला. मिनिटाला चाळीसेक ठोके आहेत. मोजून बघा.

त्या पिल्लाच्या पाठीवर केसांच्या रंगानं आकडा लिहिलेला आहे, ४७. तो एप्रिलच्या शेवटी निघेल. मी तोपर्यंत रोज संध्याकाळी जाणार आहे. आज निघताना त्याचं घड्याळ लावून पाहिलं, बारा मिनिटं दहा सेकंद.

तुमची,
मनू